नाचणारा आकडा

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणेच्या खोऱ्यातले गाव. हा मुलूख उसाचा आणि गुळाचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत आटवतात. पाक सुमारे ११८ अंश सेल्सियसला आला, की काहील उतरवावी लागते. घाई केली तर गूळ नीट बसत नाही. उशीर झाला तर तो करपतो. कसलेला गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी वळते का, हे पाहून ती वेळ ओळखतो.

हेच काम यंत्राकडून करवून घ्यायचे, तर थर्मोकपल उपयोगी पडते. दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापला, की विजेचा अल्पसा दाब उत्पन्न होतो. हा गुणधर्म सीबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१ सालच्या प्रयोगांतून पुढे आला. पण हा दाब फारच थोडा! एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर नेहमीच्या थर्मोकपलमध्ये दर अंशाला त्यांतील सुमारे ४१ भागच वाढतात. म्हणून तो अ‍ॅम्प्लिफायरने मोठा करावा लागतो.

आता समजा, चरकाची मोटार सुरू होताच आकडा ११३ ते १२३ असा नाचू लागला. पाक तर तोच आहे! मग दोष कोठे?

प्रथम मोटार थांबवून पाहावे. आकडा स्थिरावला, तर उपद्रव मोटारीचा. नंतर थर्मोकपल काढून अ‍ॅम्प्लिफायरची दोन्ही टोके आखूड तारेने जोडावीत व मोटार पुन्हा सुरू करावी. तरीही आकडा नाचला, तर उपद्रव अ‍ॅम्प्लिफायरमधून किंवा त्याच्या वीजपुरवठ्यातून येतो. शांत राहिला, तर तो थर्मोकपलच्या लांब तारांतून शिरतो. एका वेळी एकच बदल करावा; म्हणजे कारण निश्चित कळते.

तारांतील उपद्रवावर उपाय सोपे आहेत. त्या मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात, एकमेकींना पीळ द्यावा, वर धातूचे जाळीदार वेष्टन घालून ते एकाच टोकाला जमिनीशी जोडावे. मात्र हे काम जाणत्या माणसानेच करावे. मोटारीची वीज प्राणघातक असते.

अ‍ॅम्प्लिफायरला खरेखोटे कळत नाही. जे येईल ते तो मोठे करतो. म्हणून खोटे दारातच अडवावे.

स्वाध्याय
१. काहील वेळेवर का उतरवावी लागते?
२. एका वेळी एकच बदल का करावा?