पदव्युत्तर प्रवेश : आधी विभाग पाहा

केंद्रीय विद्यापीठात एमए किंवा एमएस्सी करायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते ती नावाची. जेएनयू चांगले की हैदराबाद, दिल्ली की बनारस? पदवीपर्यंत हा विचार चालून जातो. पदव्युत्तर अभ्यासात मात्र विद्यार्थ्याचा रोजचा संबंध येतो तो मोजक्या अध्यापकांच्या एका विभागाशी. सेमिनारमध्ये मुद्दा मांडायला तो तिथे शिकतो आणि पुढे पीएचडीसाठी शिफारसपत्र मागतो तेही तिथल्याच शिक्षकांकडे. म्हणून निवड विभागाची करावी. चारही सत्रांचा अभ्यासक्रम वाचावा, ऐच्छिक विषय पाहावेत, अध्यापकांनी अलीकडे काय लिहिले ते चाळावे. एखाद्या मुलीला बहमनी काळातील दख्खनचा इतिहास अभ्यासायचा आहे. पण विभागात दख्खनवर काम करणारे कोणी नाही आणि विद्यापीठात फारसी शिकायची सोयही नाही. मग त्या विद्यापीठाच्या नावाचा तिला काय उपयोग?

‘इतक्या लांब पाठवायचे आणि एमए करून पुढे काय?’ ही पालकांची चिंता रास्त आहे. पण महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय. त्यामुळे बहुतेक विषयांसाठी राज्याबाहेर जावेच लागते. वसतिगृह सर्वांना मिळेलच असे नाही, तेव्हा खर्चाचा हिशेब खोलीभाडे धरूनच करावा. पुढचे म्हणाल, तर एमएच्या शेवटच्या वर्षात नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली आणि पीएचडीला प्रवेश झाला, की 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये मिळतात. जेआरएफ थोड्यांनाच मिळते, हे खरे. पण तिची तयारी करून घेणारा विभाग कोणता, हे आधी विचारता येते. माजी विद्यार्थी याचे उत्तर मोकळेपणाने देतात.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. पण सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न असतात, चुकलेल्या उत्तराला एक गुण कापला जातो. निबंध लिहायचा नसतो. खरा कस लागतो तो पहिल्या सत्रात, वाचनाचा आणि टर्म पेपरचा. म्हणून टीवायला असतानाच विषयाचे एखादे इंग्रजी पुस्तक टिपणे काढत नेटाने वाचून संपवावे. क्लासच्या प्रश्नसंचांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी हातचे प्रवेश जातात. सीयूईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. राज्यातले एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही. ओबीसी विद्यार्थ्याची जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही केंद्राच्याच नमुन्यातले लागते. ते काढायला निकालाची वाट पाहू नये.