हंगामी व्यवसायातील भांडवलाचे गणित : म्हैसूरच्या छायाचित्रणाचे उदाहरण

सेवा क्षेत्रातील अनेक लघुव्यवसायांचे उत्पन्न वर्षातील थोड्या दिवसांत एकवटलेले असते. भाडे, कर्जाचे हप्ते आणि यंत्रसामग्रीचा घसारा मात्र बाराही महिने चालूच राहतो. या विसंगतीचा अभ्यास करण्यासाठी दसऱ्याच्या दिवसांतील व्यक्तिचित्रणाचा, म्हणजे पोर्ट्रेट छायाचित्रणाचा व्यवसाय हे बोलके उदाहरण आहे.

म्हैसूरमधील देवराज मोहल्ला हा शहराच्या जुन्या बाजारपेठेचा भाग होय. येथील देवराज मार्केटलगत जाणारा रस्ता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने ओळखला जातो. विजयादशमीची जंबू सवारी राजवाड्यातून निघून याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. उत्सवाच्या सुमारे दहा दिवसांत गर्दी वाढते आणि कुटुंबाचे छायाचित्र काढून घेणारे ग्राहकही मिळतात. अशा ठिकाणी एखाद्या तरुणाने छोटा स्टुडिओ काढण्याचे ठरविल्यास, छायाचित्रांवर संस्करण करणाऱ्या संगणकावर त्याने किती खर्च करावा?

ना नफा-ना तोटा बिंदू

एक काल्पनिक हिशेब पाहू. सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक 45,000 रुपये, दिवे व पडदे 15,000 रुपये. म्हणजे स्थिर खर्च 60,000 रुपये. एका छायाचित्राचा दर 150 रुपये आणि कागद, शाई इत्यादी बदलता खर्च 50 रुपये असल्यास प्रत्येक छायाचित्रामागे 100 रुपये उरतात. भाडे, व्याज व स्वतःच्या श्रमाचे मोल सोयीसाठी वगळले, तर स्थिर खर्च भरून निघण्यास 600 छायाचित्रे लागतील.

हा खर्च एकाच दसऱ्यात वसूल करावयाचा तर रोज 60 छायाचित्रे हवीत. सामग्रीचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे मानल्यास वर्षाला 200, म्हणजे रोज 20 छायाचित्रे पुरतात. परंतु तीनपैकी एक हंगाम वाया गेला, तर हाच आकडा 30 वर जातो. ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. कोविड साथीमुळे 2020 व 2021 मध्ये जंबू सवारी मर्यादित उपस्थितीत राजवाड्याच्या आवारातच झाली होती. म्हणूनच पासपोर्ट छायाचित्रे, शाळांची ओळखपत्रे, लग्नसराईतील अल्बम अशी बिगरहंगामी कामे म्हणजे एक प्रकारचा विमाच ठरतो.

विभाज्य भांडवल

तयार संगणक एकरकमी घ्यावा लागतो. सुट्या भागांतून जोडलेल्या संगणकात गुंतवणूक टप्प्याटप्प्याने करता येते. वरील हिशेबातील संगणकात 12,000 रुपयांचे ग्राफिक्स कार्ड धरले असेल आणि प्रोसेसरमध्येच चित्रप्रक्रियेची सोय असेल, तर ते कार्ड पुढे ढकलता येते. स्थिर खर्च 48,000 वर आणि आवश्यक छायाचित्रांची संख्या 480 वर येते. व्यक्तिचित्रणाच्या कामात पुरेशी मेमरी, वेगवान साठवण आणि रंग अचूक दाखविणारा मॉनिटर यांना अग्रक्रम असावा. मॉनिटर व कॅबिनेट पुढील संगणकालाही उपयोगी पडतात.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. प्रत्येक भागाची हमी वेगळी असते आणि बिघाड शोधण्याची जबाबदारी मालकावरच येते. दहा दिवसांच्या हंगामात एक दिवस संगणक बंद पडणे म्हणजे सुमारे दहा टक्के हंगामी उत्पन्न गमावणे होय. त्यामुळे जोडणी किमान महिनाभर आधी पूर्ण करून चाचणी घेणे, पडद्यावरील व छपाईतील रंग जुळविणे आणि छायाचित्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे ही तयारी खर्चात भर न मानता जोखीम-व्यवस्थापन मानली पाहिजे.

धोरणाचा संदर्भ

जागतिक व्यापार संघटनेच्या 1996 च्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत 1997 मध्ये सहभागी झाला. त्यानुसार संगणक व त्याच्या बहुतेक भागांवरील आयात शुल्क 2005 पर्यंत शून्यावर आले. भाग स्वस्त झाले. परंतु देशांतर्गत किमती जागतिक बाजाराशी जोडल्या गेल्या. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांची मागणी वाढून मेमरी चिपचे भाव जगभर चढले, तेव्हा त्याची झळ छोट्या व्यावसायिकांपर्यंत पोहोचली.

संगणकावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सेवा पुरवठादारास सर्वसाधारणपणे 20 लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. परंतु नोंदणी नसल्यास भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. ती रक्कम खर्चातच धरावी लागते.

8 एप्रिल 2015 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज मिळू शकते. मात्र हप्ता मासिक आणि उत्पन्न हंगामी असेल, तर अडचण नफ्याची नसून रोखतेची असते. पीककर्जाची परतफेड सुगीशी जोडलेली असते. हंगामी सेवांनाही हे तत्त्व लागू करावे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

सरावासाठी : वरील उदाहरणात दरमहा 2,000 रुपये भाडे धरल्यास, तीन वर्षांच्या हिशेबाने दसऱ्याच्या दहा दिवसांत रोज किती छायाचित्रे आवश्यक ठरतील? उत्तरावरून बिगरहंगामी कामाचे महत्त्व स्पष्ट करा.