दुभाष्याचे डोळे

दुभाष्याने शब्दांचा अर्थ सांगितला की त्याचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. आपल्या अलिबागचेच उदाहरण घेऊ. येथील इस्राएल आळीत १८४८ साली स्थापन झालेले मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र जन्मास आल्यावर या परिसरातील अनेक बेने इस्राएल कुटुंबे तिकडे गेली. त्यांची मायबोली मराठी; तेथील दवाखान्याची व कचेरीची भाषा हिब्रू.

समजा, अशी एखादी आजी डॉक्टरांपुढे बसली आहे. शस्त्रक्रियेविषयी ऐकताना ती मान दोन्ही बाजूंना डोलावते. आपल्याकडे हा होकार असतो, किंवा नुसते 'ऐकते आहे' एवढेच. परक्याला तो नकार वाटेल. मग ती 'च् च्' करते. आपल्याकडे ही हळहळ. तिकडे पुष्कळ लोक जिभेच्या अशाच आवाजाने 'नाही' म्हणतात. येथे केवळ शब्दांचा दुभाषी गप्पच राहील!

म्हणून दुभाष्याने खुणाही पाहाव्यात. मात्र त्यांचा अर्थ परस्पर ठरवू नये. "आजी, होय म्हणता की नुसतं ऐकता?" असे विचारावे, आपण काय विचारले ते डॉक्टरांना सांगावे आणि उत्तर तिच्याच तोंडून घ्यावे. शरीर तिचे आहे; संमतीही तिचीच हवी.