तारामासा स्वस्त, पाणी महाग

क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयांच्या दुकानांत तारामासा हजार-दोन हजारांत मिळून जातो. खर्च त्याच्या पाण्याचा असतो, आणि विक्रेता तो सहसा आपणहून सांगत नाही.

नवख्याने घ्यावा तो 'चॉकलेट चिप' तारामासा. पाठीवर काळसर टोकं असलेला हा गडी दणकट आणि हाताने भरवलेलं खाणारा. कोळंबीचा किंवा तिसऱ्यांच्या मांसाचा कच्चा, बिनमिठाचा तुकडा चिमट्याने त्याच्या बाहूखाली सरकवा. तो वर चढून बसतो आणि पोटच बाहेर काढून खातो. आठवड्यातून दोनतीनदा एवढं पुरे. मात्र प्रवाळ, शंख, कालवंही तो सोडत नाही. निळा 'लिंकिया' दिसायला देखणा, पण घरच्या टाकीत बहुतेक वेळा महिनोन्‌महिने उपाशी राहून झिजतो. तो मोहात पाडेल, घेऊ नका.

चॉकलेट चिप फूटभर वाढू शकतो, म्हणून टाकी निदान 300 लिटरची हवी. स्टँडसह 20 ते 25 हजार, फेसातून घाण काढणारा स्किमर 10-12 हजार, पंप, दिवे, वाळू, कृत्रिम खडक मिळून आणखी 10-12 हजार धरा. मुंबई-कोकणात चिलरला पर्याय नाही. पाणी 24 ते 26 अंशांवर ठेवायचं तर 20 ते 30 हजार त्यालाच जातात. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दोन हजारांच्या आसपास, तपासणी किट तीनएक हजार. म्हणजे तारामासा घरी येण्याआधीच 75-80 हजार संपले. हे अंदाज आहेत. ब्रँडनुसार आकडे वरखाली होतील.

मिठाचा हिशेब सोपा आहे. लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीलाच साडेदहा किलो. पुढे दर आठवड्याला 30 लिटर पाणी बदलायचं, म्हणजे किलोभर मीठ. मत्स्यालयासाठीचं आयात मीठ किलोला 300 रुपये धरलं, तर महिन्याला 1,300. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. वाफ होऊन गेलेलं पाणी भरताना मात्र गोडं आरओचंच घाला, कारण मीठ उडून जात नाही. विजेचं बघा: पंप-स्किमर 40 वॅट चोवीस तास, दिवे 50 वॅट आठ तास, चिलर 250 वॅट दिवसाला दहा तास. महिन्याला साधारण 115 युनिट. दहा रुपये दराने 1,150. खाणं, आरओचं पाणी धरून महिन्याला तीन हजारांची तयारी ठेवा.

टाकी चारसहा महिने चालू राहून स्थिरावल्यावरच तारामासा आणा. दुकानात पाण्यातच उलटा करून बघा: नळीसारखे पाय हलतायत का, बाहूंची टोकं शाबूत आहेत का, पांढरे चट्टे नाहीत ना, आणि तो स्वतः सुलटा होतो का. घरी आणल्यावर त्याला थेट टाकीत सोडू नका. त्याच्या शरीरातून समुद्राचंच पाणी खेळतं, क्षारतेचा झटका त्याला सोसत नाही. हवेच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंबथेंब किमान दोन तास त्याच्या पिशवीत पडू द्या.

जुनी टाकी स्वस्तात मिळत असेल, तर आधी विचारा, तिच्यात तांब्याचं औषध कधी घातलं होतं का. माशांचे परजीवी त्याने मरतात, तसा तारामासाही मरतो, आणि तांबं खडकात व वाळूत मुरून राहतं. खरे प्रवाळाचे खडक कुणी देऊ केले तर घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली प्रवाळाला संरक्षण आहे.