कानमुशी मासा कां ?

गेल्या सहामाही परीक्षेंत "देवमासा हा मासा नव्हे, हें सकारण लिहा" असा प्रश्न होता. एका विद्यार्थ्यानें उत्तराच्या शेवटीं आपल्या मनचें एक वाक्य जोडलें : "कानमुशीहि अंडीं न घालतां पिलांस जन्म देते व पोटांतील पिलास नाळ असते, सबब तीहि मासा नव्हे." मीं त्यावर लाल रेघ ओढली. पुढें त्याचे वडील भेटावयास आले व म्हणाले, "मास्तरसाहेब, पोरानें दिलेलीं दोन्ही कारणें खोटीं आहेत काय ?" तीं खोटीं नाहींत. म्हणून रेघ ओढून माझें काम संपलें असें मला म्हणतां येईना.

भातकुलीपासून समुद्र शेंकडों मैल दूर. तेव्हां आधीं ह्या प्राण्याची ओळख करून देणें अवश्य आहे. कोंकणांतील कोळी शार्क माशास मुशी म्हणतात. जिचें डोकें दोन्ही बाजूंस कानांप्रमाणें पसरलेलें असतें ती कानमुशी. वस्तुतः ते कान नव्हेत; प्रत्येक फांट्याच्या टोकास एक डोळा असतो. शास्त्रज्ञांस मात्र त्या डोक्यांत हातोडा दिसला, व १८१० मध्यें राफिनेस्क ह्यांनीं ग्रीक शब्दावरून ह्या प्रजातीस 'स्फिर्ना' हें नांव दिलें. आपल्या पश्चिम किनाऱ्यास आढळणारी 'स्फिर्ना लेविनी' ही जाति १८३४ मध्यें वर्णिली गेली. (उत्पत्तीच्या पुस्तकांत आदाम पशूंस व पांखरांस नांवें देतो, माशांचा तेथें उल्लेख नाहीं. तें काम जणूं मागून येणारांसाठीं राहिलें !)

आतां नाळेचा प्रश्न. ह्या जातीची मादी नऊ ते बारा महिने गर्भ वाहते व बारापासून एकेचाळीसपर्यंत पिलें देते. पिलूं प्रथम आपल्या पिशवींतील बलकावर वाढतें. बलक सरला म्हणजे तीच पिशवी मातेच्या गर्भाशयास चिकटून वार बनते. सस्तन प्राण्यांची वार गर्भाच्या निराळ्याच आवरणांपासून होते. काम एक, पण घडण वेगळी. वटवाघळास पंख आहेत म्हणून आपण त्यास पक्षी म्हणतों काय ? कानमुशी कल्ल्यांनीं श्वास घेते, पिलांस दूध पाजीत नाहीं, आणि तिचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. देवमाशास श्वासासाठीं पाण्यावर यावें लागतें. हीं सर्व लक्षणें एकत्र ठेविलीं म्हणजे तिचें स्थान कूर्चामत्स्यांत ठरतें.

खाऱ्या पाण्यानें तहान भागत नाहीं, हें आपल्या खारपाण पट्ट्यांत कोणास सांगावयास नको. मग मुशी समुद्रांत सुकून कां जात नाहीं ? शेतकरी खत म्हणून टाकतात तो यूरिया ती आपल्या रक्तांत सांठवून ठेवते. त्यामुळें शरीरांतील पाणी बाहेर ओढलें जात नाहीं. मुशीचें मांस शिळें होतांच अमोनियाचा वास येतो तो ह्याच यूरियाचा.

त्या विचित्र डोक्याचा उपयोगहि आहे. त्याच्या खालच्या बाजूस सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांचें वर्णन लोरेंझिनी ह्या इटालियन वैद्यानें १६७८ मध्यें केलें. वाळूंत दडलेल्या पाकटाच्या देहांतील क्षीण विद्युत् त्यांच्या योगें कानमुशीस कळते; डोकें रुंद, म्हणून एका फेरींत अधिक वाळू तपासली जाते.

ह्या कुलांतील जाती डोक्याच्या पुढील कडेवरून ओळखतात. लेविनीच्या कडेस मध्यभागीं खांच असते, झायगीना जातीस ती नसते. मोकारान जातीची कड खांच असूनहि जवळजवळ सरळ असते. ही ओळख केवळ परीक्षेपुरती नाहीं. लेविनीची मादी सुमारें सात फूट वाढल्यावर प्रसवूं लागते. पण दीड फुटी पिलें उथळ पाण्यांत राहतात व तेथेंच जाळ्यांत सांपडतात. २०१९ मध्यें ही जाति अत्यंत संकटग्रस्त ठरविण्यांत आली. तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचा ठराव २०१३ सालीं झाला व भारतानें २०१५ मध्यें मुशीच्या परांची निर्यातच बंद केली. परंतु बंदरावरील तपासनिसाच्या हातीं नुसते कापलेले पर आले, तर डोक्याची खांच तो कोठें पाहणार ? मग पराची उंची व घडण ताडून पाहावी लागते, किंवा मांसाचा तुकडा प्रयोगशाळेंत धाडावा लागतो.

त्या विद्यार्थ्याचें अनुमान चुकलें तें चुकलेंच. तथापि कारणांबद्दल मीं त्यास दोन गुण परत दिले आहेत.