डॉर्नियरचं उडणारं मॉडेल

एरोमॉडेलिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या कपाटातलं, चकचकीत रंगवलेलं, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी असलेलं विमान येतं. त्या विमानाबद्दल मला आदर आहे, पण मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्याच्याबद्दल नाही. तेच विमान हातातून सोडल्यावर त्याचं काय होतं, याबद्दल आहे. फ्लुइड मेकॅनिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचे पेपर आपण सगळेच लिहितो. ते पेपर खरोखर तपासून देणारी सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे थर्मोकोलचं विमान! ते ग्रेस मार्क देत नाही.

उदाहरणासाठी जवळचंच विमान घेऊ. आपल्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे, आणि या दलाचं समुद्रावर गस्त घालणारं नेहमीचं विमान म्हणजे डॉर्नियर २२८. मूळ जर्मन, १९८० च्या दशकात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन ते कानपूरला बनवायला सुरुवात केली. वर बसवलेला लांब पंख, त्याची टोकं तिरकी कापलेली, दोन टर्बोप्रॉप इंजिनं, डब्यासारखं चौकोनी अंग. मॉडेलसाठी चौकोनी अंग म्हणजे पर्वणीच, कारण गोलाई काढण्यात आठवडा जात नाही.

मोठ्या विमानाआधी छोटं विमान, हा क्रम इतिहासातही दिसतो. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो याने पिळलेल्या रबरावर चालणारं, ४५ सेंमी पंखाचं आणि फक्त १६ ग्रॅमचं मॉडेल सुमारे ४० मीटर उडवलं. अंदाजे ११ सेकंद. राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी १८७८ मध्ये आणून दिलेलं खेळणंही पेनोच्याच धर्तीचं होतं. पुढचं आपल्याला पाठ आहे.

शोकेसवाल्यांनी रागावू नये म्हणून एक गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं करून घ्यायचं ठरवलं. स्केल १:७२, रंग काळा. सैनिकांनी शत्रूचं विमान नुसत्या आकारावरून ओळखावं म्हणून! ३५ फुटांवर धरलेलं असं मॉडेल, खरं विमान अर्ध्या मैलावर असावं तेवढंच दिसतं (३५ ला ७२ ने गुणून पाहा). म्हणजे न उडणारं मॉडेलही कामाला येतं. फक्त त्याचं काम वेगळं.

आता गणित. स्केल १:१६ घेऊ. खऱ्या डॉर्नियरच्या पंखाचा विस्तार १६.९७ मीटर, म्हणजे मॉडेलचा १ मीटर ६ सेंमी. होस्टेलच्या कॉटवर मावतं आणि कंडक्टर चांगला भेटला तर एसटीतही. पंखाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर. ते १६ ने नाही, १६ च्या वर्गाने, म्हणजे २५६ ने भागायचं. उत्तर ०.१२५ चौरस मीटर. वजन मात्र घनाने कमी होतं. खरं विमान भरलेलं सुमारे ६ टन धरलं, तर ६००० भागिले ४०९६, म्हणजे जवळजवळ दीड किलो.

इथे सगळे खूश होतात. दीड किलो म्हणजे भरपूर सवलत, लाकूड वापरा, प्लाय वापरा, दोन हात रंग मारा! पण दीड किलोचं हे मॉडेल किती वेगाने गेलं तर हवेत टिकेल ते काढून पाहा. लिफ्ट बरोबर वजन हेच समीकरण, लिफ्ट कोएफिशंट जास्तीत जास्त १ धरा, हवेची घनता १.२२५. वेग येतो सेकंदाला १३.७ मीटर, ताशी पन्नासच्या जवळ. हा उडायचा किमान वेग झाला, त्याच्याखाली ते पडणारच. हाताने फेकून एवढा वेग देणं कठीण. आणि आपटलं तर? अर्धा एमव्ही स्क्वेअर, सुमारे १४० ज्यूल. दीड किलोचा दगड तिसऱ्या मजल्यावरून सोडावा तसं.

तेच मॉडेल २०० ग्रॅममध्ये बसवलं तर किमान वेग येतो सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. सायकलचा वेग! आपटण्याची ऊर्जा अडीच ज्यूल, म्हणजे छातीच्या उंचीवरून तेच २०० ग्रॅम खाली पडल्यासारखं. नाक चेपतं, चिकटवायचं, पुन्हा फेकायचं. माझ्या मते नवशिक्यासाठी सगळा खेळ या एका फरकात आहे. दहा वेळा आपटूनही अकराव्यांदा उडेल असं विमान हवं, आणि ते फक्त हलकेपणाने मिळतं. मजबूत बांधून मिळत नाही, कारण मजबुतीसाठी घातलेला प्रत्येक ग्रॅम वेग वाढवतो आणि आपटण्याचा जोरही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. हवेचे रेणू काही १६ पट लहान होत नाहीत. खऱ्या डॉर्नियरचा रेनॉल्ड्स नंबर त्याच्या नेहमीच्या वेगाला एक कोटीच्या वर जातो. आपल्या मॉडेलचा, ५ मीटर वेग आणि १२ सेंमी रुंद पंख धरून, चाळीस हजार. या मॉडेलसाठी हवा जणू जास्त चिकट असते. अशा हवेत जाड, गुबगुबीत पंखावरून प्रवाह लवकर सुटतो. म्हणून खऱ्या पंखाचा छेद हुबेहूब उतरवण्याचा हट्ट सोडायचा. पातळ, किंचित बाक दिलेला पंख इथे चांगला चालतो. पुढच्या कडेजवळ वरच्या बाजूला लांबीभर एक शिवणाचा दोरा चिकटवला तर प्रवाह मुद्दाम खवळतो आणि पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो. दोरा दिसायला वाईट दिसतो. दिसू दे.

साहित्याचं काय? पुस्तकांत सगळीकडे बाल्सा लिहिलेलं असतं. ते बाहेरून येतं आणि आपल्या मेसच्या बिलाशी स्पर्धा करतं. आपल्याकडे हलकं लाकूड नाही असं मात्र नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना चालणारा पांगारा आहेच. तो बाल्सापेक्षा जड, पण सागाच्या निम्म्याच्या आसपास. नाकाचा ठोकळा त्याचा करा, पंख नको. का ते बघा: आपल्या पंखाची सरासरी जाडी १ सेंमी धरली तर आकारमान सव्वा लिटर. सागाचा भरीव पंख ८०० ग्रॅम, बाल्साचा २०० ग्रॅम, थर्मोकोलचा फक्त २० ते २५ ग्रॅम! शिवाय आपल्या पावसाळ्यात लाकूड दमट होऊन पिळवटतं, थर्मोकोलला त्याचं काही नाही.

नुसतं थर्मोकोल वाकतं, म्हणून आत कणा हवा. चिव्याची, म्हणजे आपल्या बारीक बांबूची, चीप काढून ती पंखात उभी बसवायची. आडवी नाही! बीएच क्यूब बाय ट्वेल्व्ह आठवा: ३ मिमी बाय ६ मिमीची चीप उभी ठेवली तर आडवीच्या चौपट ताठ. वजन तेच. चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल. रात्रभर वाळवावा लागतो, पण फेविक्विक थर्मोकोल खाऊन टाकतं, स्प्रे पेंटही. रंगवायचंच असेल तर पोस्टर कलर, पातळ हात. कापायला निक्रोमची तापती तार सगळ्यात छान. वर्कशॉपमध्ये सरांच्या देखरेखीखाली ती एका दुपारी तयार होते. खोलीत लावू नका, एक तर धूर, दुसरं म्हणजे रेक्टर.

दोन ठिकाणी खऱ्या विमानाशी बेइमानी करायला माझी परवानगी आहे. शेपटीचा आडवा पंख स्केलपेक्षा १५-२० टक्के मोठा ठेवा, आणि मुख्य पंखाची टोकं दोन-तीन सेंमी वर उचला. खऱ्या विमानात पायलट असतो, आपल्यात नाही. सावरण्याचं काम आकारालाच करावं लागतं. इंजिनं नुसती दिसण्यापुरती. दोन मोटर बसवायचा मोह पहिल्या विमानात टाळा, एक जरी हळू फिरली तरी विमान गर्रकन वळतं.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ३ सेंमीवर, म्हणजे रुंदीच्या पाव भागावर. दोन बोटांवर पंख तोलून पाहायचा आणि नाकात शाडूची गोळी भरत जायची. गणपतीच्या दिवसांत ती फुकट मिळते. मग सकाळी लवकर भाट्याच्या पुळणीवर. रात्रीचा मतलई वारा पडलेला आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुरू न झालेला, असा मधला निवांत वेळ पकडायचा. दुपारच्या वाऱ्यात २०० ग्रॅमची काय कथा! फेकताना नाक क्षितिजापेक्षा जरा खाली, वाऱ्याच्या तोंडावर, हात ढकलल्यासारखा. चेंडूसारखा फेकायचा नाही. वर जाऊन थबकलं आणि नाक टाकलं, पुन्हा वर, पुन्हा खाली असं डोलत गेलं तर नाकात थोडा शाडू वाढवा. सरळ वाळूत घुसलं तर काढा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहून ठेवा. खांद्याच्या उंचीवरून, दीड मीटरवरून, आठ-नऊ मीटर गेलं तर पहिल्या विमानासाठी उत्तम समजा.

रिमोट लावायचा असेल तर मात्र आधी कायदा वाचा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत अगदी जमिनीपासूनच पिवळा विभाग असतो आणि तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. नकाशा उघडून मिरजोळ्याभोवती ८ किलोमीटरचं वर्तुळ काढा, म्हणजे शहरात किती जागा उरते ते कळेल. त्यामुळे रिमोटवाल्या विमानासाठी कुणातरी सरांना बरोबर घेऊन रीतसर अर्ज करायला लागेल. हातातून सोडायच्या ग्लायडरला मात्र फक्त उजाडायच्या आत उठणारा एक रूममेट लागतो, पलीकडे उभा राहून अंतर मोजायला.