औषध गुणाचे, पण कोणाला?



ऐन पेरणीत बैल लंगडू लागला किंवा गाईच्या कासेला सूज आली की घरात कोणाला अन्न गोड लागत नाही. अशा वेळी एका सुईने जनावराचे दुखणे कमी झाले, तर ती सुई आपल्याला वरदानच वाटते. डायक्लोफिनॅक हे असेच एक औषध. माणसांसाठी ते आधीपासून वापरात होते. 1990 नंतरच्या काळात जनावरांसाठीही ते स्वस्तात मिळू लागले. त्याने गुण येई, यात खोटे काही नाही.

त्याच सुमारास गिधाडे नाहीशी होऊ लागली. आम्ही लहान असताना गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटकाभरात आकाशात घिरट्या सुरू होत आणि दिवस मावळण्यापूर्वी नुसती हाडे उरत. ते दृश्य दिसेनासे झाले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी ही घट नोंदवली. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवहून अधिक नष्ट झाली.

कारण काय? कोणी म्हणाले कीटकनाशके, कोणी म्हणाले विषाणूचा रोग. 2004 साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधले. औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते. रक्तातील युरिक आम्ल बाहेर पडत नाही. ते काळजावर आणि यकृतावर पांढऱ्या पुटासारखे साचते आणि पक्षी मरतो.

हिशेब मांडला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसे होते. कारण एका ढोरावर अनेक गिधाडे बसतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. गिधाडे गेल्यावर उघड्यावरचे मांस मोकाट कुत्र्यांना मिळू लागले. कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे भयही वाढते. बैलाच्या पायाला दिलेली सुई कुठवर पोचली पाहा!

मग औषधच नको म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. मुक्या जनावराला कळा सोसायला लावणे हा धर्म नव्हे. शिवाय चूक दाखवली ती शास्त्रानेच, आणि मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना बाधत नाही असे औषधही शास्त्रानेच पुढे आणले. आपण सुधारणा स्वीकारली यात दोष नव्हता. जनावराला गुण आला म्हणजे सारे कळले, असे आपण धरून चाललो, ही चूक झाली.

सरकारने 2006 साली जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 साली ती कुपी 3 मिलिलिटरची केली. 2023 साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली.

ध्यानात ठेवावे:

1. वेदनाशामक द्यायचे झाल्यास पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅमची चौकशी करावी.
2. माणसांचे इंजेक्शन जनावराला टोचू नये.
3. औषधोपचार चालू असता मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात पुरावे.
4. कुत्रा चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिखट किंवा चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी व सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

पुढच्या वेळी नवे औषध किंवा नवी फवारणी घरी आणताना विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारू या: हे वापरल्यावर पुढे कुठे जाते? त्याला सांगता आले नाही, तर जाणकाराला विचारल्याशिवाय बाटली उघडू नये.